कोण कुणाची वाट बघतंय

"मॅडम, ॲपमध्ये काहीच खोट न्हाई. बाईच स्लो हाय," जाधव साहेब म्हणाले, तेही संगीताताईंच्या तोंडावर. ताई मान वर न करता टॅबवर टाइप करत राहिल्या. ऐकू आलं नाही असं दाखवत होत्या, पण कान लाल झाले होते.

राणीसावरगावचं सोयाबीन खरेदी केंद्र. बाहेर ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. जाधव केंद्राचे मॅनेजर, संगीताताई ऑपरेटर. शेतकरी आला की त्याचं नाव ॲपमध्ये शोधायचं, टोकन द्यायचं, मग गाडी वजनकाट्यावर, हे त्यांचं काम. आणि मी हे ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत नोकरीला. परभणीत घरून काम करते. जिल्ह्यात काही अडलं की आमचा टीम लीड म्हणतो, "मॅडम, तुम्हाला जवळच आहे ना?" त्याला नकाशात सगळंच जवळ दिसतं!

माझं काम परफॉर्मन्सचं. म्हणजे कोड दुसरे लिहितात आणि तो चालताना कुठं रेंगाळतो ते मी मोजते.

"चुडाव्याच्या केंद्रावर हेच ॲप, हाच टॅब," जाधव सांगत होते. "तिथला ऑपरेटर फटाफट टोकन काढायलाय. इथं लोकं शिव्या घालायलेत मला. एक तारखेपासून दुसरा माणूस ठेवणार हाय मी. बोलणं झालंय."

ताईंच्या घरात पगार आणणाऱ्या त्या एकट्याच. हे मला चहा देणाऱ्या मावशींनी आल्या आल्याच सांगितलं होतं, हळूच.

मी लॅपटॉप उघडला. टेस्टिंगच्या सवयीनं एक मोबाईल नंबर टाकला. नाव चटकन आलं. मग ताईंचा टॅब घेतला, तोच नंबर टाकला. तिथंही चटकन आलं.

"बघा! मी म्हणलं न्हाई का?" जाधव खूश.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आले होते ॲप तपासायला आणि साक्ष दिली ताईंच्या विरोधात.

"ताई, आता तुम्ही करा," मी म्हटलं. "रोज करता तसंच. मी इथं नाहीच असं समजा." केबलनं टॅब लॅपटॉपला जोडला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. आमचं ॲप ब्राउझरमध्ये चालतं, आणि त्याच ब्राउझरमध्ये एक सोय असते. प्रोग्रामनं कोणत्या क्षणी काय केलं, त्याला किती वेळ लागला, याचा ती एक लांब पट्टा काढून देते.

रांगेतले पुढचे एक शेतकरी आत आले. खांद्यावर टॉवेल, वैतागलेले.

"या काका. गाव कोणतं?" ताईंनी विचारलं.

"हेच की, बाई. राणीसावरगाव."

ताईंनी गावाचं नाव टाइप करायला घेतलं आणि टॅब बसला की हो! एक अक्षर उमटायचं, मग सगळं ठप्प. मग दुसरं अक्षर. नाव तरी केवढं लांबलचक! ताईंचं बोट हवेतच थांबलेलं.

"बघा, बघा, थांबल्या!" जाधव म्हणाले.

मी रेकॉर्डिंग बंद केलं आणि त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं.

"साहेब, हा पट्टा बघा. कोरी जागा म्हणजे टॅब माणसाची वाट बघतोय. रंगीत जागा म्हणजे माणूस टॅबची वाट बघतोय. आता यात कोरं किती दिसतंय?"

जाधवांनी चष्मा लावला. पट्टा रंगानं गच्च भरलेला. कोरी जागा शोधावी लागत होती.

"म्हंजे?"

"म्हणजे ताई कुठंच थांबलेल्या नाहीत. टॅब थांबवतोय त्यांना."

कारणही पट्ट्यातच दिसत होतं. ब्राउझरमध्ये राबणारा गडी एकच. टाइप केलेलं अक्षर तोच दाखवतो, यादी तोच शोधतो, पडद्यावर तोच मांडतो. ताई एक अक्षर टाकायच्या की हा गडी सगळ्या शेतकऱ्यांची यादी चाळायचा आणि जुळलेली नावं, म्हणजे अख्खं गाव, पडद्यावर मांडायला बसायचा. ते होईतो पुढचं अक्षर दारात उभं. नंबर मात्र पूर्ण टाकल्यावरच शोधला जायचा, आणि एकच माणूस सापडायचा. चुडाव्याला फोन लावला. तिथला ऑपरेटर म्हणाला, "आमी सरळ मोबाईल नंबरच विचारतो."

"ताई, तुम्ही आधी गाव का टाकता?"

"मग काय टाकायचं?" ताई पहिल्यांदाच माझ्याशी बोलल्या, जरा चिडूनच. "माणूस दारात आला की आधी गावच विचारतेत ना? अन् एका नावाचे लय जण हायत. गाव टाकलं की घोळ होत न्हाई."

"आता नंबर विचारत जावा," जाधव म्हणाले.

"नंबर पोराचा दिलाय," टॉवेलवाले काका म्हणाले. "पोरगं पुण्याला. मला कुठं पाठ हाय तेचा नंबर?"

मी पुण्याला फोन लावला. कोड लिहिणारा म्हणाला, "मॅडम, आम्हाला वाटलं लोक नंबरच टाकतील."

"तुम्हाला वाटलं! इथं कुणाला विचारलंत?"

दुरुस्ती तशी किरकोळ होती. टाइप करणारा क्षणभर थांबला की मगच शोधायचं, आणि अख्खं गाव न मांडता पहिली थोडी नावंच दाखवायची. दुपारच्या चहापर्यंत नवी आवृत्ती आली. धाकधूक होतीच. ताईंनी पुन्हा गाव टाकलं, सलग, न अडखळता. पुढं नावाची दोन अक्षरं, की माणूस हजर. नव्यानं रेकॉर्ड केलेला पट्टा बघितला तर बहुतेक कोराच. हुश्श! मी खुर्चीत मागं रेलले.

जाधवांनी दोन्ही पट्टे शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग फोन काढला. "हां, जाधव बोलतोय. एक तारखेला येऊ नका. न्हाई, गरज न्हाई आता." फोन खिशात टाकून ते रांग बघायला बाहेर गेले. ताईंना चुकलं वगैरे काही म्हणाले नाहीत.

ताईंनी मात्र तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना. "मॅडम, मलाबी तसंच वाटायलं होतं हो. घरी सांगून टाकलं होतं, माझ्याच्यानं होईना आता, मीच मंद झाले म्हणून."

मला साहेबांपेक्षा याचाच जास्त राग आला. पट्टा आधी बघितला असता तर ताईंवर स्वतःबद्दल असं बोलायची वेळ आली नसती. मोजायची ही सोय प्रत्येक ब्राउझरमध्ये फुकट असते. माणूस स्लो आहे असं म्हणायला मात्र तेवढंही उघडावं लागत नाही.