सगळ्याच कादंबऱ्या

पुस्तक हातात आलं की मुतर्जिमसाहेब ते आधी उघडायचे नाहीत. बाजारात वांगं पारखावं तसं उलटसुलट करून बघायचे आणि विचारायचे, "मास्तर, हे घडलेलं हाय का रचलेलं?"

अंबडच्या तहसील कचेरीत ते मुतर्जिम, म्हणजे भाषांतरकार, होते. मराठी कागदांचा उर्दूत तर्जुमा करायचा आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. माणूस वाटूरकडच्या कास्तकाराच्या घरातला, बोलणं आपल्यासारखंच. पण खातो सरकारचं मीठ, हे आम्ही कधी विसरलो नाही. निजामाच्या राजवटीची ती शेवटची वर्षं. चार माणसं शेंगा खात बसली तरी कुणीतरी नावं टिपून घेत असेल, असं वाटायचे दिवस होते. तुमच्यापैकी ज्यांनी ते पाहिले, त्यांना मी वेगळं काय सांगू?

शुक्रवारी कचेरीला सुट्टी, म्हणून वकिलाचा कारकून असलेला मीही मोकळा. दुपारी वाचनालयात आमची बैठक बसे. ग्रंथपाल असलेले मास्तर, गावातले वैद्यबुवा, मी आणि न बोलावता येणारे मुतर्जिमसाहेब.

एकदा बखरीवरून वाद पेटला. मास्तर म्हणाले, बखर हा इतिहासच. मी म्हणालो, कादंबरीची थोरली बहीण. वैद्यबुवा म्हणाले, "घडलेल्याला दिलेली फोडणी, दुसरं काय?" आम्ही हसलो. मुतर्जिमसाहेब मात्र गंभीर. "पर तिच्यातली मेलेली माणसं खरंच मेल्ती का न्हाई, ते सांगा."

त्यांना तेवढंच हवं असायचं. एका कादंबरीतली सून विहिरीत जीव देते, तर हे धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बसले. मी म्हटलं, "अहो, रचलेलं आहे." लगेच चेहरा खुलला. "मंग बराबर हाय. रचलेल्यावर रडून मोकळं व्हता येतं. घडलेलं असलं तं जेवण जात न्हाई." दुष्काळाच्या आठवणींचं एक पुस्तक त्यांनी निम्म्यातूनच परत केलं होतं. "माझ्याच्यानं न्हाई वाचवलं. ही माणसं खरी व्हती."

आम्हाला हे नाटक वाटायचं. असा हळवा माणूस कचेरीत टिकतो कसा? मास्तर म्हणायचे, "भिंतीला कान असतात म्हणे. हितं तं कान सोताच येऊन बसून राह्यलेत."

त्यात ती वही. खिशातून छोटी वही काढून ते उर्दूत काहीतरी टिपायचे. एकदा ते माठाकडे पाणी प्यायला गेले तेव्हा मी ती उघडली. आमच्या शाळा उर्दूतल्या, वाचायला अडचण नव्हती. पानापानावर पुस्तकांची नावं आणि प्रत्येकापुढे एकच शब्द: 'घडलेलं' किंवा 'रचलेलं'. वही होती तशी ठेवली आणि ते गेल्यावर मास्तरांना सांगितलं. आमच्या कपाटात इतिहास होते, देशभक्तांची चरित्रं होती. ती सापडली असती तर वाचनालयाला कुलूप आणि मास्तरांना तुरुंग.

त्याच आठवड्यात मास्तरांनी यादी नव्यानं लिहिली. नाव, लेखक, प्रकार. प्रकाराच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत कादंबरी, कादंबरी, कादंबरी. घाबरलेल्या माणसाला थांबायचं कुठं ते कळत नाही. 'जनावरांचे रोग व उपचार' हीसुद्धा कादंबरी झाली.

पुढच्या शुक्रवारी मास्तर त्यांना म्हणाले, "साहेब, आपल्याकडं आता समदं रचलेलंच हाय. घडलेलं एक बी न्हाई."

"ते दुष्काळाचं?"

"ते बी."

केवढा आनंद झाला त्यांना! ते पुस्तक पुन्हा नेलं, पुरं वाचलं आणि पोटभर रडले. आम्ही एकमेकांना डोळे मारले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

मग वाचनालयाच्या झडतीचा हुकूम आला. झडतीला आलेल्या पोलीस अमीनसाहेबांना मराठीचं अक्षर येत नव्हतं, म्हणून यादीचा तर्जुमा मुतर्जिमसाहेबांनी आदल्या दिवशीच करून, सही करून दिला होता; कादंबरीला त्यांनी 'किस्सा' म्हटलं होतं. अमीनसाहेब वाचू लागले, "किस्सा... किस्सा... किस्सा..." आणि पुस्तकं पाहता पाहता एक हातात धरून थांबले. मुखपृष्ठावर खूर सुजलेल्या बैलाचं चित्र होतं.

"ये भी किस्सा है?"

मुतर्जिमसाहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही त्यांना बनवलं होतं, ते त्याच क्षणी त्यांना कळलं. खरं सांगितलं असतं तर ते सुटले असते. मास्तरांनी लिहिलेला 'कादंबरी' शब्द समोरच्या यादीत होता. नुसतं बोट ठेवायचं होतं.

"गलती मेरी है, साहब," ते म्हणाले. "यादी में बराबर लिखा है. मैंने जल्दी में गलत तर्जुमा किया. बाकी सब किस्से हैं."

अमीनसाहेब खो खो हसले. बैलाचा किस्सा करणारा मुतर्जिम त्यांनी पाहिला नव्हता. वाचनालय वाचलं. आठ दिवसांत मुतर्जिमसाहेबांची नोकरी गेली.

आणि आम्ही? मास्तर म्हणाले, "आपल्यासाठी कोन येवढं करतं? ह्यात बी डाव असंल. आता जपून." मला ते पटलं. संशय एकदा हाडात मुरला की उपकारही फास वाटतो.

गाव सोडायच्या दिवशी सकाळी ते वाचनालयाच्या पायऱ्या चढून आले. आम्ही दोघं आत होतो. वहाणांचा आवाज ऐकून मास्तरांनी खूण केली आणि मी हळूच कडी घातली.

"मास्तर? कारकूनसाहेब?" त्यांनी दार दोनदा वाजवलं. "वाटूरला चाल्लो. एक पुस्तक राह्यलं व्हतं माझ्याकडं."

ते बराच वेळ थांबले. खिडकीच्या फटीतून आम्ही त्यांना दिसलो असू, असं मला अजून वाटतं.

"असू द्या. उंबऱ्यावर ठिवतो. गाय-बकरी खाईल, जल्दी उचला."

ते खाली उतरले. रस्त्यावर बैलगाडी हलल्याचा आवाज आला, दूर गेला, ऐकू येईनासा झाला. तरीही कडीवरचा माझा हात निघाला नाही.