लिटरमागं दहा

आमची जीप डिझेल पीत नव्हती, ढोसत होती. लिटरमागं सात किलोमीटर. त्यात ओढ्यापलीकडं चिखल असला की सातसुद्धा मिळाले तर दिवाळी. पंपावरचा माणूस मला लांबून बघूनच नळी हातात घेऊन उभा राहायचा आणि मी त्याच्याकडं बघून कसनुसं हसायची.

अणदूरपासून थोडं आत आमचं घर आणि शेत आहे. माझं काम दुधाचं. सकाळी ओढ्यापलीकडच्या वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि हायवेवरच्या संकलन केंद्रावर पोचवायचं. आमची काळी जमीन पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेते, तिथं टेम्पोची काय कथा. म्हणून नवऱ्यानं आणि मी मिळून ही जुनी जीप घेतली आणि आम्हाला हवी तशी घडवली. उंच केली. ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घातले. पुढं लोखंडी बंपर लावला, त्यावर विंच, म्हणजे रुतलं की झाडाला दोर बांधून गाडीनं स्वतःलाच ओढून काढायचं यंत्र. टपावर कॅरिअर, त्यावर कॅन, फावडं, जॅक. आणि एका बाजूनं टपापर्यंत गेलेली जाड काळी नळी, तिला स्नॉर्केल म्हणतात. ओढ्याचं पाणी बोनेटवर आलं तरी इंजिनाला वरून हवा मिळावी म्हणून ती असते. गावानं तिचं नाव सोंड ठेवलं आणि तेच आमच्याही तोंडात बसलं.

तिच्यात बसलं की मला काय वाटायचं ते सांगते, लाजत नाही. वाटायचं, आता मला कुणी अडवू शकत नाही. माहेरी मला सायकल मिळायची ती भावाची, तीही तो घरी नसला तर. इथं मी ओढ्यात जीप घालायची, पाणी दोन्ही दारांना धडका द्यायचं, आणि पलीकडच्या चढावर निघाले की मी एकटीच मोठ्यानं हसायची.

सासऱ्यांना मात्र ती मुळीच आवडत नव्हती. आम्ही त्यांना मामा म्हणतो. ते तिच्यात कधी बसले नाहीत. मी दूध घालून परत आले की ओसरीवरून विचारायचे, "आली का राक्षसीण?" जीपला विचारतायत की मला, हे मी कधी विचारलं नाही. एक दिवस जेवताना त्यांनी सरळ सांगून टाकलं, की सोलापूरचा एक माणूस जीप घ्यायला तयार आहे आणि सोमवारी ते त्याला शब्द देणार. जीपचे कागद त्यांच्या नावावर. दुधाचं येणं सगळं डिझेलात जातं असं त्यांचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं.

"मग वस्तीवरचं दूध कशावर आणू, मामा?"

"नगं आणू. घरच्या म्हशी काय थोड्या हायत का?"

माझं डोकंच फिरलं. घरच्या म्हशी, घरचं अंगण, घरची चूल. म्हणजे ओढ्याच्या अलीकडं गप बसायचं. मी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "लिटरमागं किती दिलं तर ठेवाल?"

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. मग म्हणाले, "धा."

"देईल," मी म्हणाले. नवऱ्याला ठसका लागला.

सोमवारला आठवडाही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दूध घालून आले ती पाना-पकड घेऊनच अंगणात उतरले. पहिल्यांदा टपावरचं कॅरिअर काढलं. ते आम्ही हौसेनं बसवलं होतं आणि त्यावरच्या सामानातल्या निम्म्या वस्तूंना हातसुद्धा लागला नव्हता. नवरा एकेक नट काढताना असं तोंड करत होता की जणू पोराचे केस उतरवतायत. मग टायर. चिखलात पकड मिळावी म्हणून आम्ही हवा कमी ठेवायचो, आणि डांबरी रस्त्यावरही तशाच मऊ टायरांवर पळायचो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात धूळ खात पडला होता. तो सीटखाली टाकला आणि ठरवलं, की हायवेला लागलं की हवा भरायची, मगच पुढं जायचं. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध हातानं फिरवायचं एक कुलूप असतं, चारही चाकांना जोर लागतो तेव्हाच ते लावायचं. चिखलात उतरायचा कंटाळा, म्हणून ते वर्षभर लावलेलंच. म्हणजे कोरड्या रस्त्यावरसुद्धा इंजिन पुढचा सगळा लोखंडी पसारा उगाच फिरवत बसलेलं. मी दोन्हीकडची कुलुपं खटकन सोडली. जीप ढकलून बघितली तर एकटीच्या जोरानं हलली. मी नवऱ्याला हाक मारून ते पुन्हा करून दाखवलं.

मग मला मीटरचा संशय आला. टायर मोठे म्हणजे एका फेऱ्यात ते जास्त रस्ता कापणार. मीटर बिचारं जुन्या छोट्या टायरांच्या हिशोबानं मोजत बसलेलं. हायवेवर गेले आणि किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघितलं. दहा दगड मागं पडले तरी मीटर नऊच म्हणत होतं. मला इतका आनंद झाला की जीप बाजूला घेऊन मी नवऱ्याला फोन लावला. आपली गाडी आपण समजत होतो तेवढी खादाड नव्हतीच कधी. घरी येऊन मामांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"कागदावरचं डिझेल टाकीत येत न्हाय, पोरी," ते म्हणाले.

एवढं करूनही आकडा आठ-साडेआठच्या पुढं सरकेना. चढावर काळा धूर निघायचा तो निघतच होता. मुरुमच्या गॅरेजवाल्याकडं नेली. त्यानं एक्सलेटर दाबून धूर बघितला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "अक्का, इंजिनच खोलावं लागतंय बगा. पंदरा दिवस सोडून जावा." पंधरा दिवस म्हणजे सोमवार गेला, जीप गेली. मी त्याला नमस्कार केला आणि जीप वळवली. येणेगूरपर्यंत मी रडत आले, हे खरं आहे. जळकोटच्या पुढं राग आला. काळा धूर म्हणजे डिझेल आहे पण हवा पुरत नाही, एवढं तर मी मोबाइलवर शंभर वेळा ऐकलं होतं. हवा का पुरत नाही? आमची हवा तर टपाच्या उंचीवरून येते, तिथं धूळसुद्धा कमी. दुकानदारानं सोंड विकताना सांगितलं होतं, आता फिल्टर वर्षातून एकदा उघडला तरी चालेल. आम्ही तर एकदाही उघडला नव्हता.

अंगणात जीप उभी केली, बोनेट उचललं आणि हवेच्या फिल्टरचा डबा उघडला. आधी वास आला. हळदीचा. फिल्टर पांढरा असतो, माझ्या हातात आला तो पिवळाधमक होता. त्याच्या घड्या न् घड्या हळदीनं लिंपून गेल्या होत्या. डब्याच्या तळाशी खोबऱ्याचे तुकडे आणि त्यांना लागलेल्या मुंग्या. भंडारा-खोबरं. जीपच्या नाकात.

नवरा आला, बघितलं आणि हसत हसत खालीच बसला. आमच्या घरात खंडोबाला जाणारं माणूस एकच. देव अणदूरला असला की अणदूरला आणि नळदुर्गला राहायला गेला की नळदुर्गला, मामांचा रविवार चुकत नाही.

"बोलू नकोस काही. देवाचं आहे," नवरा म्हणाला.

मी कसली गप्प बसते. तो फिल्टर तसाच उचलला आणि गोठ्यात गेले. मामा म्हशीला वैरण टाकत होते. मी फिल्टर त्यांच्या पुढ्यात धरला आणि बोलायला लागले. इकडं डिझेल ढोसते म्हणून शिव्या घालायच्या आणि तिकडं तुम्हीच तिचा श्वास कोंडायचा. मी चार दिवस हात काळे करतेय, मुरुमपर्यंत जाऊन आले, आणि हे काय आहे मामा, हे काय आहे. इतका आवाज मी त्या घरात कधी चढवला नव्हता.

मामांनी फिल्टरवरून बोट फिरवलं. बोटाला लागलेली हळद कपाळाला लावली, सवयीनं. मग वैरण खाली ठेवून म्हणाले, "तू वड्यात उतरतीस तवा म्या काठावर असतो. हिकडं बाभळीमागं. गाडी समदी पाण्यात जाती, तेवढी सोंड वर ऱ्हाती. म्हणलं, देवाचं द्यायचं तर तिथंच द्यावं. बुडलं तरी तेवढं वर ऱ्हातंय."

रोज सकाळी मी पलीकडच्या चढावर एकटीच हसत होते आणि अलीकडं हा म्हातारा बाभळीमागं जीव मुठीत धरून उभा होता. दर रविवारी दुपारी आम्ही आत लवंडलो की पायरीवर चढून सोंडेत मूठभर भंडारा सोडत होता. राग कुठल्या कुठं गेला. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण हातात फिल्टर होता.

"मग आता कुठं टाकू?" त्यांनी विचारलं.

"बोनेटवर टाका. काचेवर टाका. पाहिजे तर माझ्या डोक्यावर टाका. पण सोंडेत नको, मामा."

ते मान डोलवून पुन्हा वैरणीला लागले. मी वळले तर मागून आवाज आला, "पर धा ते धाच हं. ते येगळं, हे येगळं."

नवीन फिल्टर नळदुर्गला मिळाला. तो बसवून किल्ली फिरवली आणि खरं सांगते, इंजिनाचा आवाजच बदलला. सर्दी उतरलेल्या माणसासारखा मोकळा. चढावर दाबलं तरी मागं धूर नाही. मी ओढ्यापर्यंत विनाकारण दोन चकरा मारल्या. नवरा म्हणाला डिझेल जाळू नकोस, तेव्हा कुठं थांबले.

रविवारी कसोटी. टाकी गळ्यापर्यंत भरायची, हायवेनं येणेगूरपर्यंत जायचं, परत त्याच पंपावर येऊन पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं मावलं तेवढं लागलं. मीटरवर मामांचा विश्वास नव्हता आणि आता माझाही नव्हता.

"दगड म्या मोजणार," मामा म्हणाले, आणि धोतराचा सोगा सावरत जीपच्या पायरीवर चढले. नवरा पंपावरच थांबणार होता, तो नुसता बघतच राहिला. पहिल्यांदा ते तिच्यात बसले होते. एका हातानं त्यांनी पुढची दांडी पकडली ती येणेगूरपर्यंत सोडली नाही, दुसऱ्या हाताच्या पेरांवर दगड मोजले.

मी इतकी हळुवार कधीच चालवली नव्हती. लांबचा ट्रक बघूनच पाय उचलायचा, म्हणजे ब्रेक लागत नाही. उतारावर गाडीला आपली आपण जाऊ द्यायचं. गिअर बदलताना इंजिनाला ओरडायला लावायचं नाही. मामा रस्ता बघत नव्हते, माझे पाय बघत होते. परतीच्या वाटेवर त्यांचा दांडीवरचा हात सुटला आणि मांडीवर आला. नळदुर्गच्या अलीकडं एका बसवाल्यानं एकदम आत घातली. मी पाय उचलून जीप अलगद कडेला घेतली. मामांचा हात पुन्हा दांडीकडं गेला नाही.

पंपावर नळीतून डिझेल आत पडत होतं आणि मी आकड्याकडं बघत होते. टाकी काठोकाठ झाली. मामांनी दगडांचा आकडा सांगितला, नवऱ्यानं मोबाइलवर भागाकार केला आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. साडेनऊच्या जरासं वर.

सातवरून इथवर आणली होती. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी नाचले असते. पण दहा देईल म्हटलं होतं, माझ्याच तोंडानं, भरल्या ताटावर. मी मोबाइल मामांकडं दिला.

मामांनी मोबाइल लांब धरून आकडा वाचला. मग पंपावरच्या माणसाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, जीपला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"माझं वजन धरलं का ह्यात?" त्यांनी विचारलं.

"तुमचं वजन?" नवरा म्हणाला.

"मग? म्या बसलो व्हतो की. रोज बसतोय व्हय हिच्यात? म्या उतरलो की धा झालंच समजा." आवाज असा, की पंपावरच्या माणसानंही मान हलवली.

आमच्या मामांच्या अंगावर मांस ते काय. दुधाचा एक कॅन त्यांच्याहून जड भरेल. पण मी हिशोब करत बसले नाही. मामांनी खिशातून स्वतःचा फोन काढला आणि आमच्याकडं पाठ करून सोलापूरला लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते नेहमी मोठ्यानंच बोलतात, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं.

"न्हाय, उद्या येऊ नगा. इकायची न्हाय. … डिझेल? पिती की, अजून बी पिती. … आवो, भाव वाढवायचा प्रश्नच न्हाय. सून चालवती ती माझी. चांगली चालवती. म्या सोता बसून बघितलंय."

फोन खिशात टाकून ते पुन्हा जीपमध्ये चढले, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसले आणि मला म्हणाले, "चल, घरी चल. पर आधी वड्यातनं घाल."