अनंतरावांचा करदोडा आणि नलिनीताईंची ट्यूब

भोपाळच्या कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या मराठी घरांत नलिनी खानझोडे यांना कुणी डॉक्टर म्हणत नसे, एवढीच काय ती उणीव होती. राज्यपुनर्रचनेत नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला हलल्या तेव्हा त्यांचे सासरे फायलींबरोबर इकडे आले. पुढे नलिनीताईंनीही सरकारी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर त्वचारोग हाती घेतले. साधन एकच, पर्समधली मलमाची ट्यूब. कोपऱ्यावरचा केमिस्ट ती चिठ्ठीशिवाय देई. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण घेऊन झालं की बाही वर करून खाजरी जागा दाखवत. ट्यूब लावली की लाली लगेच मावळे. काही दिवसांनी तोच नायटा मोठं कडं करून परत येई, आणि बाईही परत येई. नलिनीताई याला विश्वास म्हणत.

सगळ्यात जुना रोगी घरातच होता. पती अनंतराव यांच्या कमरेला नायट्याने वस्ती केली होती, ती नेमकी करदोड्याच्या वाटेने. काळा करदोडा आईने लहानपणी बांधलेला. तो झिजला की बदलायचा, पण नवा बांधल्याशिवाय जुना तोडायचा नाही, हा तिचा नियम. तो इतका कडक पाळला गेला की नायट्यावर बेघर व्हायची पाळी कधीच आली नाही.

मग पुण्याहून पल्लवीचा फोन आला. तान्ह्या मुलाला घेऊन ती माहेरी येणार होती.

"आई, बाबांचा नायटा गेल्याशिवाय मी बाळ त्यांच्या मांडीवर देणार नाही. डॉक्टरला दाखवा. ट्यूबला नाही."

फोन स्पीकरवर होता. अनंतरावांनी पेपरची घडी घातली, चपला चढवल्या आणि म्हणाले, "चला."

बिट्टन मार्केटजवळच्या डॉक्टर मालती सरवटे मूळच्या ग्वाल्हेरच्या. त्यांनी कंबर पाहिली आणि आधी ट्यूब मागितली.

"ही कुणी दिली?"

"मी," नलिनीताई बक्षीस घ्यायला उठावं तशा सुरात म्हणाल्या.

"काकू, कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. घरावरची कौलंच म्हणा. नायट्याची बुरशी ती कौलं खाते. खाली जिवंत थरात पहारेकरी असतात. ते लढतात म्हणून लाल होतं, खाज सुटते. तुमच्या ट्यूबमधलं स्टेरॉइड पहारेकऱ्यांनाच झोपवतं. आरडाओरडा थांबतो, जेवणावळ चालूच."

"पण त्यात बुरशीचंही औषध आहे. मी वाचलंय."

"आहे ना. चोराला चापट आणि पोलिसाला झोपेची गोळी." डॉक्टरांनी पोटावरची कातडी हलकेच चिमटीत धरली. ती पातळ झाली होती, वर जांभळट रेघा उमटल्या होत्या. "अंगातलं पाणी आत ठेवायचं, जंतू बाहेर ठेवायचे, घाम काढून अंग थंड करायचं, एवढी कामं या भिंतीकडे आहेत. तुम्ही तिचा पडदा केलात. आणि हा दोरा आजच काढा. घामाने ओला राहतो, बुरशी त्यात मुरते."

"आईचा नियम आहे," अनंतराव म्हणाले. "नवा बांधल्याशिवाय—"

"कात्री द्या," नलिनीताई म्हणाल्या. करदोडा कचकन तुटला. "सासूबाईंना मी सांगेन काय ते."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा या संभाषणाची घाई नव्हती.

गोळ्या आणि मलम काही आठवडे, खाज थांबली तरी सोडायचं नाही. टॉवेल वेगळा, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात. ट्यूब बंद केल्यावर आधी भडका उडेल, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं. तो उडाला. कंबर पेटली, पाठीपर्यंत लाल झाली. उभ्या संसारात कधी आवाज न चढवलेले अनंतराव भर दुपारी ओरडले,

"अगं, एकदाच लाव! बोटभर!"

"नाही."

"साऱ्या कॉलनीला लावतेस!"

"लावत होते." नलिनीताईंनी थंड पाण्याचा ओला फडका त्यांच्या पाठीवर ठेवला. "पहारेकरी जागे झालेत. ओरडू द्या त्यांना."

त्याच सकाळी त्या घरोघर जाऊन ट्यूब फेकायला सांगून आल्या होत्या. सूर तोच होता. आज सल्ला उलटा आहे हे शेजारच्या विमलताईंच्या ध्यानात चहा संपल्यावर आलं.

औषधांचे आठवडे पुरे झाल्यावर पल्लवी आली, ती बाळाला घट्ट धरूनच. दारातच म्हणाली, "बाबा, सदरा वर करा."

अनंतरावांनी मुकाट्याने केला. खवले नव्हते, लाली नव्हती. कमरेभोवती तपकिरी डाग तेवढे होते. पल्लवी थबकली. नलिनीताईंनी व्याख्यानासाठी श्वास घेतला, पण अनंतराव आधी बोलले.

"हा नुसता रंग राहिलाय. रोग नाही. कातडी खरवडून तपासली, बुरशी सापडली नाही. डाग जायला काही महिने लागतील म्हणाल्या डॉक्टर."

एवढं लांब बोलणं बाबांच्या तोंडून पल्लवीने प्रथमच ऐकलं. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्याने आजोबांचा अंगठा मुठीत पकडला. ती मूठ इतकी मऊ होती, की अनंतरावांनी अंगठा हलवला नाही, चहाला हात लावला नाही.

"पाय अवघडले असतील," बऱ्याच वेळाने नलिनीताई म्हणाल्या. "द्या जरा इकडे."

"थांब," अनंतराव म्हणाले, "माझं व्हायचंय अजून."