गळ्याखालच्या पट्ट्याचा प्रश्न

आमच्या घरात घोडा नाही. लगाम आहे.

रहिमतपूरजवळच्या आमच्या गावात यात्रेच्या दिवशी पालखीपुढे घोडा चालतो आणि त्याला लगाम घालण्याचा मान आमच्या घराचा आहे. घोडा महाबळेश्वरहून भाड्याने येतो. एरवी तो पर्यटकांना पाठीवर घेऊन तलावाकाठी फेऱ्या मारतो. यात्रेच्या सकाळी टेम्पोतून उतरतो, दुपारपर्यंत देवाचा होतो आणि दिवस कलला की पुन्हा टेम्पोत चढतो. दर वर्षी घोडा वेगळा असतो. याचे गावात कोणाला नवल वाटत नाही.

मानाचा नियम एकच आहे. घरातल्या कर्त्या पुरुषाने लगाम स्वतःच्या हाताने घालायचा आणि देवळात पोहोचेपर्यंत त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही. लागला, तर मान भावकीतल्या धाकट्या घराकडे जातो.

आमच्याकडचे कर्ते पुरुष म्हणजे माझे थोरले चुलते. सैन्यात खेचरांच्या तुकडीत नोकरी करून ते परत आले. गाव त्यांना मेजर म्हणते. ते मेजर नव्हते. अलीकडे संधिवाताने त्यांचे दोन्ही अंगठे निकामी झाले आहेत. लगाम घोड्याच्या कानांवरून सरकवणे त्यांना जमते. अडचण पुढे येते. लगाम निसटू नये म्हणून गळ्याखालून एक पट्टा जातो आणि तो बक्कलात अडकवावा लागतो. मागच्या यात्रेत त्यांना ते इतका वेळ जमेना, की बँडवाल्यांची सगळी गाणी संपली आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. धाकट्या घराचे कर्ते, म्हणजे चुलत्यांचे चुलत भाऊ, समोर उभे राहून अंगठ्याने भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

"दादा, घाई न्हाई," ते म्हणाले. "देव काय कुटं जातोय?"

त्या पावसाळ्यात माळ्यावर उंदरांनी लगाम कुरतडला. घरात याचा आनंद झाला. नवा करायचा, तर पट्टा हवा तसा लावून घेता येणार होता.

मी सांगलीत एका वर्तमानपत्रात काम करतो, म्हणून लगाम करून आणण्याचे काम माझ्याकडे आले. सांगलीत शर्यतीच्या घोडागाड्यांचे सामान शिवणारा एक कारागीर आहे. हल्ली तो मुख्यतः मोटारसायकलच्या सीटा शिवतो. त्याने फळीवर तीन नमुने मांडले. साधे बक्कल, पट्ट्याच्या आतल्या बाजूला लपणारी पितळी खुंटी, आणि खटक्याचा हुक.

"घोडा कसला हाय?" त्याने विचारले.

मी सांगितले की घोडा अजून ठरायचा आहे.

"मग जनावराचं माप आणा. आन् सीट बदलायची आसंल तर गाडी बी आणा."

माप कशाचे घ्यायचे, यावर चुलत्यांनी फोनवर निर्णय दिला. घोडा दर वर्षी बदलतो, म्हैस बदलत नाही. तेव्हा माप म्हशीचे. "डोकं त्ये डोकं," ते म्हणाले. मी ते घेतले. शिंगे वगळली.

मी गावी आणलेल्या नमुन्यांची चाचणीही गोठ्यातच झाली. चुलत्यांचा तत्त्वतः बक्कलाला पाठिंबा होता, कारण सरकारी जनावराला बक्कलच असते. ते लागले नाही. पितळी खुंटी दिसायला सर्वांत चांगली होती, पण पट्ट्याचे भोक तिच्यावर चढवायला अंगठ्याचा जोर आणखी जास्त हवा होता.

"आवं, ह्याला पैलवान लागंल," चुलती म्हणाली.

खटक्याचा हुक तिने लगेच ओळखला. तसाच शेजारच्या कुत्र्याच्या साखळीला होता. "देवाच्या घोड्याला कुत्र्याचा खटका? मी जित्ती हाय तवर न्हाई." तोही अंगठ्यानेच मागे ओढावा लागत होता, त्यामुळे धर्माचा प्रश्न फार ताणला गेला नाही.

मग तिने स्वतःच्या कंबरेचा, डॉक्टरांनी दिलेला पट्टा सोडून आणला. त्याला चिकटपट्टी होती. ती नुसत्या तळहाताने बसली आणि क्षणभर सगळे मिटल्यासारखे वाटले. काढताना मात्र तिचा असा टर्रकन आवाज झाला, की म्हशीने दावे तोडले आणि त्या संध्याकाळी दूध दिले नाही.

शेवटचा पर्याय योगायोगाने सापडला. मी हेल्मेट काढून ओट्यावर ठेवले होते. चुलत्यांनी ते मांडीवर घेतले आणि हनुवटीखालची क्लिप दोन तळहातांत धरून दाबली. टक्. मी ती उघडली. त्यांनी पुन्हा दाबली. टक्.

"अच्छा है," ते म्हणाले. त्यानंतर मी उघडत राहिलो आणि ते लावत राहिले. आम्ही सगळे फक्त लावण्याकडे बघत होतो.

कारागिराने नव्या चामड्याला हेल्मेटची क्लिप शिवून दिली. सीटही बदलली.

यात्रेच्या सकाळी टेम्पोतून पांढरा, मध्यम बांध्याचा घोडा उतरला. बँड लागला. चुलतीने लगाम तेल लावून पुसून ठेवला होता आणि ताटात चांगला दिसावा म्हणून क्लिप लावून ठेवली होती. चुलत्यांनी तो उचलला. लगाम आता त्यांच्या हातात होता, म्हणजे नियम सुरू झाला होता.

क्लिप उघडायची, तर दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबावी लागते. चिमटीला अंगठा लागतो.

चुलत्यांनी तळहातांनी दाबून पाहिले, मग कोपर आणि गुडघ्यात धरून पाहिले. मी दोन पावले पुढे झालो आणि थांबलो. चुलत्यांचे चुलत भाऊ जवळ आले. आज त्यांनी शेंगा आणल्या नव्हत्या. दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. "मी हात लावत न्हाई. नंतर कुणी म्हणाय नगं."

बँडचे दुसरे गाणे सुरू झाले. चुलत्यांनी घोड्याकडे पाहिले, लगामाकडे पाहिले आणि तो बंद क्लिपेसकट, टोपडे घालावे तसा, घोड्याच्या तोंडावरून वर ढकलला. माप म्हशीचे होते. कान दुमडून लगाम सहज वर चढला. तोंडात बसायची लोखंडी कडी दातांपुढे लोंबत राहिली. घोड्याने ती चाटली.

"चला," चुलते म्हणाले.

लगामाची दोरी खांद्यावर टाकून ते पुढे निघाले. मागे घोडा, त्यामागे बँड, त्यामागे पालखी. चुलत भाऊ घोड्याच्या बाजूने, हात तसेच पाठीमागे बांधून, नजर लगामावर ठेवून चालत होते. रसवंतीपाशी घोड्याने चिपाडांत तोंड घालायला मान खाली केली आणि लगाम कानांवरून घसरून जमिनीवर पडला.

हे चुलत्यांना कळले नाही. दोरी त्यांच्या खांद्यावर होती. लगाम धुळीतून त्यांच्या मागे सरपटत निघाला. घोड्याने चिपाड संपवले, मान वर केली आणि तोही निघाला. पुढे माणूस चालतो आहे एवढे त्याला पुरते. तलावाकाठी त्याचे काम तेच असते.

लगाम उचलायला पन्नास हात तयार होते आणि एकालाही परवानगी नव्हती. टेम्पोवाला घोडेमालक ओरडला, "मेजर, लगाम! लगाम!" चुलत्यांना ते कौतुक वाटले. त्यांनी मागे न बघता हात उंचावला.

ते देवळाच्या पायरीशी थांबले, तेव्हा घोडाही थांबला. लगाम मधे पडला होता. गुरवाने तिन्हींकडे पाहिले. बँड बंद झाला. चुलते वळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हात कुणाचा लागला?" गुरवाने विचारले.

मग सगळ्यांच्या माना चुलत भावांकडे वळल्या, कारण पूर्ण वाटभर त्यांनी दुसरे काहीच पाहिले नव्हते.

"कुणाचा न्हाई," ते अखेर म्हणाले. आवाजात नाराजी होती. "मी बघत हुतो की. घरापास्नं हितवर. कुणाचाच न्हाई."

"घोडा आला का?"

"आला. समोर हुबा हाय की."

गुरवाने घोड्याला कुंकू लावले, मग चुलत्यांना, आणि मानाचा नारळ त्यांच्या हातावर ठेवला. अंगठ्यांविना नारळ धरता येत नाही. तो निसटू लागला, तसे त्यांनी मनगटे जुळवून तो छातीशी दाबला. तरीही तो खाली सरकत होता. चुलत भावांनी पाठीमागचे हात सोडले, पुढे आणले आणि नारळाच्या वीतभर खाली ओंजळ करून थांबले.

"नारळाला हात लागला तर चालतंय न्हवं?" त्यांनी गुरवाला विचारले.