शटर पडल्यावरची भजी

नाशिक रोडला एका वाईन शॉपला लागून माझी हातगाडी आहे. मूगभजी आणि उकडलेली अंडी. ओरडून गिऱ्हाईक बोलावणं मला कधी जमलं नाही, म्हणून ही जागा मानवली. बाटली घेऊन निघालेला माणूस चकण्यासाठी आपसूक माझ्याकडे वळतो. बोट दाखवतो, मी बांधून देते. आठ वर्षं अशीच, फारसं न बोलता गेली.

यंदाच्या महापालिका निवडणुकीत मात्र मी चुकले. मतदान गुरुवारी होतं. मला वाटलं, दुकान बुधवारपासून बंद. बंदच्या आदल्या संध्याकाळी गर्दी उसळते, म्हणून मंगळवारी दुप्पट डाळ वाटून आणली. मी दिवस मोजले, सरकार तास मोजतं. मंगळवारी साडेपाचला माझं तेल तापलं आणि दुकानाच्या शेठनी शटर ओढलं.

"अहो शेठ, आजच?"

"मतदान संपायच्या अठ्ठेचाळीस तास आधीपासून बंद, मावशी. पेपरात आलं होतं की!"

माझ्याकडे पेपर येतो तो रद्दीचा, महिनाभर जुना.

"लायसनची फी अख्ख्या वर्षाची भरायची," शेठ कुलूप लावताना पुटपुटले, "आणि दुकान चालवायचं यांच्या घड्याळावर. तुमचं बरंय, भज्यांवर बंदी नाही."

बंदी नव्हती, पण खाणारंही कोणी नव्हतं. पातेलंभर पीठ सकाळपर्यंत आंबून गेलं असतं. आता एकतर हाक मारायची, नाहीतर सगळं फेकून द्यायचं. मी दोनदा तोंड उघडलं. "भ..." एवढंच निघालं. त्यावर एक कुत्रा तेवढा थांबला.

तेवढ्यात कामावरून सुटलेल्या चौघी जणी फुटपाथवरून आल्या. एरवी बायका दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून जातात. आज शटर बंद बघून अलीकडूनच चालल्या होत्या. त्यातल्या एका जाडजूड बाईनं कढईत डोकावलं.

"काय हो ताई, इथं भजी मिळतात?"

"आठ वर्षं झाली," मी म्हटलं.

"मग सांगायचं नाही का! रोज नुसता वास घेत जातो आम्ही. मला वाटायचं, हा पिणाऱ्यांचा चकणा आहे."

"तोच आहे."

चौघी खो खो हसल्या. "घाला मग चार प्लेट! बघू तरी, हे लोक काय मजा मारतात ते!"

त्यांना बघून आणखी बायका थांबल्या. तासाभरात पातेलं रिकामं झालं. मतमोजणी होईपर्यंत दुकान बंद होतं, तरी मी रोज गाडी लावली.

शनिवारी दुकान उघडलं आणि बायका पुन्हा पलीकडून जायला लागल्या. संपलं, असं मी मनाशी म्हटलं. इतक्यात रस्त्यापलीकडून त्याच जाडजूड बाईची हाक आली, "ताई, चार प्लेट!"

माझ्यासमोर पाच-सहा पुरुष उभे. सगळे वळून बघायला लागले. गप्प राहिले असते तर ती निघून गेली असती.

"थांबा, आणते!" मी ओरडले.

शेठनी काउंटरवरून मान बाहेर काढली. "मावशी, तुम्हाला आवाज आहे?"

मी प्लेटा घेऊन रस्ता ओलांडला. हल्ली रोज ओलांडते. तोपर्यंत इकडचे ताटकळतात. कोणी कुरकुरलं तर शेठच त्याला सुनावतात, "थांब रे जरा, मावशींची पलीकडे दुसरी शाखा आहे."