चौगुले सरांचा सिग्नल

रस्त्यावरच्या संशोधनात निष्कर्ष हाताला लागेपर्यंत किस्स्यांचा ढीग लागतो. आमच्या कॉलेजच्या ट्रॅफिक लॅबमध्ये तर किस्सेच जास्त निघाले! माणसं तीन: चौगुले सर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कांबळे मॅडम आणि वायरी ओढणारा मी. सरांचा ध्यास एकच. गाड्या बघून स्वतःच ठरवणारा सिग्नल करायचा आणि रिटायर व्हायच्या आत तो खऱ्या रस्त्यावर लागलेला बघायचा. आता लॅबची स्टोअररूम झालीय, मॅडम पुण्यात असतात. तरी फोन झाला की आम्ही फिरून तिथंच!

*

कॅमेरे यायच्या आधी रस्त्यावर रबरी नळी आडवी टाकायचो. चाक गेलं की आकडा पुढं. मंगळवार पेठेत नळी टाकली, चहाला गेलो, परत येतोय तर नळी गायब! बोळात एक काकू तिचं टोक कापून झाडांना पाणी घालत होत्या.

"काकू, ही संशोधनाची नळी हाय!"

"मग? पाणी येतंय की!"

*

पुढं परदेशी सॉफ्टवेअर आलं. त्यातल्या गाड्या शिस्तीत लेननं जायच्या. मॅडमनी त्याला उचगावचा रस्ता दाखवला, तर ते बंदच पडलं. कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं, "तुमच्याकडं लेन किती?"

सर म्हणाले, "गर्दीवर आहे!"

*

मग कॅमेरा आला. भर रस्त्यात दोन गाड्या चिकटून थांबल्या की अपघाताचा अलार्म. पहिल्याच दिवशी अलार्म थांबेना! मी पळत गेलो. दोन मोटरसायकली शेजारी शेजारी, दोघंही धडधाकट, गप्पा रंगलेल्या.

"काय झालंय?"

"काय न्हाय पावणं, गडमुडशिंगीच्या पोरीची सोयरीक जुळतीया."

मॅडमनी रिपोर्टात लिहिलं, 'जखमी: अद्याप कोणी नाही.'

*

सिग्नल तयार झाला, तो चौकात लावायची परवानगी मात्र येईना. सर महापालिकेच्या ऑफिसात जाऊन बसायचे. साहेब बदलायचे, सर तेच. एकदा शिपाई म्हणाला, "सर, तुमचा सिग्नल कायम लालच व्हय?"

सर हसले. पण चहा तसाच ठेवून उठले.

*

रिटायरमेंटचा दिवस उजाडला तरी परवानगी नाहीच. मग मॅडमनी आणि मी सिग्नल कॅमेऱ्यासकट लॅबमधनं उचलला आणि कॉलेजचा रस्ता गावच्या रस्त्याला मिळतो तिथं उभा केला. प्राचार्यांना सांगितलं, डेकोरेशन हाय!

संध्याकाळी सर गळ्यातल्या हारासकट स्कूटरवरनं निघाले. समोर लाल. थांबले. कॅमेऱ्यानं स्कूटर बघितली, आडवा रस्ता मोकळा बघितला आणि हिरवा दिला.

सर जागचे हलेनात. गाडी अजून उभीच आहे म्हणून सिग्नलनं हिरवा लांबवला. सर हलेनात, हिरवा जाईना! मागं एक ट्रॅक्टरवाला तटला.

"ओ मास्तर, हिरवा झालाय की! दिसत न्हाय व्हय?"

सर मान न वळवता म्हणाले, "दिसतोय की!"