फोटोतलं पाणी

कागदाचा फोटो काढायचा, वेबसाइटवर चढवायचा आणि वर म्हणायचं, जनतेला कळवलं. हे मी एका कचेरीत इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणी "कळवलं" म्हटलं तर माझं डोकं फिरतं. कुणाला कळवलं? ज्याला दिसतं त्याला. ज्याच्याकडं मोठा कॉम्प्युटर आहे त्याला. 'उपरोक्त विषयान्वये' पासून सुरुवात करून दमादमानं खाली उतरायची ज्याला सवड आहे त्याला. बाकीच्यांनी काय करायचं ते विचारणं माझं काम नव्हतं. माझं काम चढवायचं होतं आणि दोन वर्षं मी ते बिनबोभाट केलं.

दुष्काळाची वर्षं होती ती. शहराचं नाव तेव्हा जुनंच होतं. धरण तळाला गेलेलं, आणि शहर मात्र जालना रोडनं पसरतच चाललेलं. चिकलठाण्याकडं जिथं काल ज्वारी उभी होती तिथं आज चार मजले आणि वर पाण्याच्या काळ्या टाक्या. टाक्या लई, पाणी नाय. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही पाऊण तास. वार आणि वेळ कधी बदलेल याचा भरवसा नसायचा. ते वेळापत्रक पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीच्या वेबसाइटवर लागायचं, आणि त्या वेबसाइटचं काम क्रांती चौकाजवळच्या आमच्या पाच माणसांच्या कंपनीकडं होतं. कचेरीतून कागदाचा फोटो यायचा, मी तो जागच्या जागी लावायची आणि चहाला जायची.

त्याच चिकलठाण्यात माझी मावशी राहायची, एकटी. लहानपणी तापात तिची नजर गेली होती. तरी तिनं एका कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर सगळी नोकरी काढली आणि स्वतःच्या पगारातून तळमजल्यावर दोन खोल्यांचं घर घेतलं. स्वयंपाक, धुणं, बँक, सगळं तिचं ती करायची. डब्यांची जागा कुणी बोटभर हलवली तरी तिला कळायचं आणि मग हलवणाऱ्याचं काही खरं नसायचं. तिच्याकडं बोलणारा फोन होता. पडद्यावर जे लिहिलंय ते तो वाचून दाखवायचा, आणि ती तो इतका भरभर वाचायला लावायची की आपल्याला एक शब्द कळू नये.

त्या घराचा जीव एका नळात अडकलेला होता. तो पाऊण तास हुकला की आठवडाभर ठणठणाट. तोटी उघडी टाकून ठेव म्हणून मीच एकदा शहाणपणा शिकवला होता. तिनं ठेवली, नळ भलत्याच वेळी आला, पाणी दारातून रस्त्यावर गेलं आणि गल्लीतल्या बायकांनी तिला नको नको ते ऐकवलं. त्या वर्षांत सांडलेल्या पाण्याला माफी नव्हती. शेजारी विचारावं तर सगळे शिफ्टवाले, दाराला कायम कुलूप. मी जमेल तेव्हा फोन करून सांगायची, तेही तिला पटायचं नाही. तू आजारी पडलीस की मी तहानेनं मरायचं का, असं तिनं मला सरळ विचारलं होतं.

एका उन्हाळ्यात तिचा नळ दोनदा हुकला. दुसऱ्या वेळी टँकरच्या गर्दीत कुणाच्या तरी हंड्याला अडखळून ती पडली आणि मनगट सुजलं. मग देवगाव रंगारीहून मामा आला. हा तिचा धाकटा भाऊ, शेतीवाला, मनानं लोण्यासारखा आणि डोक्यानं दगड. तिथं पाणी इथल्याहून कमीच होतं, पण भरून आणणारे हात होते. तो म्हणाला, अक्का, बास झालं, चल गावाकडं. ती नाही म्हणाली. तो ओट्याला टेकून बसला तो उठेचना. शेवटी तिनं त्याला शब्द दिला, "तिसऱ्यांदा हुकलं तर मी आपणहून येईन. मग कुणी काही बोलायचं नाय." आमच्या घरात तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. मामा तेवढ्यावर गेला.

तो गेल्यावर तिनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ते वेळापत्रक उघड. मी उघडलं. फोन म्हणाला, "चित्र." तिनं बोट सरकवलं. फोन म्हणाला, "चित्र." पुन्हा सरकवलं, पुन्हा "चित्र." एवढ्या मोठ्या पानावर त्या फोनला वाचण्यासारखं अक्षर नव्हतं.

"कोण चढवतं गं हे?" तिनं विचारलं.

"मीच," मी म्हटलं.

तिनं फोन बंद करून ओट्यावर ठेवला. त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत. पाण्याच्या टेबलावर एक बाबू होते, रिटायरमेंटला आलेले, सभ्य माणूस, रोज मला पान विचारायचे. त्यांना सांगितलं की फोटो नको, टाइप केलेला मजकूर द्या. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांच्या खुर्चीचा पाय मागितला. सही-शिक्का नसलेला मजकूर म्हणजे अफवा, असं त्यांचं म्हणणं. नुसतं टाइप केलेलं कुणीही टाकील, शिक्का दिसला की माणूस विश्वास ठेवतो. मी म्हटलं, ज्याला शिक्काच दिसत नाही त्यानं कशावर विश्वास ठेवायचा? ते म्हणाले, त्याच्या घरात कुणीतरी असेलच की बघणारं. हे वाक्य ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो मी अजून विसरले नाही. सगळं शहर "कुणीतरी असेलच की" या एका भरवशावर चाललेलं होतं.

महिनाभर खेटे घातले. अर्ज दिला, अर्जाची पोच मागितली, पोच हरवली, पुन्हा अर्ज दिला. एकदाची फाइल वरून मंजूर झाली आणि मजकूर आला. पडद्यावर सुरेख मराठी दिसत होती. मी आनंदानं लावली आणि मावशीला फोन केला. तिकडून ऐकू आलं, "के, एल, कंस, डॉलर, बी, बी." टायपिस्टबाईंनी पंधरा वर्षं ज्या जुन्या फॉन्टात काम केलं त्यातच टाइप केलं होतं. तो फॉन्ट म्हणजे नुसता मराठीचा मुखवटा, आत सगळी इंग्रजी अक्षरं. डोळ्याला मराठी, फोनला कचरा. बाईंना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. त्या म्हणायच्या, अहो ताई, दिसतंय की नीट. व्हय बाई, दिसतंय, त्याचंच तर दुखणं आहे.

मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं की अंधांसाठी खास सोय करू. पानाच्या कोपऱ्यात डोळ्याचं बटण बसवायला लावलं. दाबलं की अक्षरं मोठी व्हायची. आंधळ्या माणसाला मोठी अक्षरं! वर फिकट हिरव्यावर पिवळ्या रंगात सूचना उजवीकडून डावीकडं पळत सुटलेली, म्हणजे धडधाकट डोळ्यांच्या माणसानंही तिच्यामागं धावावं. मी हात जोडले. ते म्हणाले, ताई, तुमचं समाधानच होत नाही.

नव्या फॉन्टातला मजकूर आला तेव्हा आणखी एक तऱ्हा निघाली. वाक्य एकच आणि ते पानभर. सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, इथून सुरू होऊन धरणाची पातळी, कुठल्याशा बैठकीचा संदर्भ, कुठल्याशा पत्राचा क्रमांक, आणि या सगळ्याच्या शेपटीला वार आणि वेळ. मी तो मोडला. एका ओळीत एक वसाहत, तिचा वार, तिची वेळ, बस. बाबूंना वाटलं मी कचेरीची अब्रू काढली. माझ्या सुदैवानं त्यांच्या सूनबाईंना तो कागद कळला, आणि घरी सुनेनं कौतुक केल्यावर त्यांचा विरोध मावळला. एक अट मात्र त्यांनी सोडली नाही. मजकूर वर लावा, पण खाली शिक्क्याचा फोटो राहणारच. खरा कागद तोच. मी म्हटलं, राहू द्या, माझ्या बापाचं काय जातं.

मावशीच्या फोननं पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी तिच्या ओट्याशी उभी होते. "बुधवार, सकाळी सहा ते पावणेसात." तिनं ते तीनदा ऐकलं. बोर्डावर असताना कारखान्याच्या साहेबांना ज्या आवाजात निरोप सांगायची, त्याच आवाजात ते पुन्हा म्हणून बघितलं. बुधवारी ती साडेपाचला नळापाशी स्टूल टाकून बसली. पाणी आलं, ड्रम भरला, हंडे भरले आणि तिनं मामाला फोन करून भरलेला हंडा वाजवून ऐकवला. पुढचे तीन महिने एक नळ हुकला नाही. मी तिला फोन करून वार सांगायचं बंद केलं. तिनंच बंद करायला लावलं.

आता जे सांगायचंय ते सांगताना मला अजून स्वतःचा राग येतो.

कचेरीची एक जुनी रीत होती. कागद टाइप होऊन साहेबांकडं गेला आणि त्यात काही बदलायचं असलं, तर कागद पुन्हा टाइप करत नसत. साहेब पेनानं खोडायचे, बाजूला नवं लिहायचे, त्यावर छोटी सही करायचे. छोटी सही झाली की बदल पक्का. मग शिक्का, मग फोटो. टाइप केलेली फाइल मात्र टायपिस्टबाईंच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी पडून राहायची. तिला कुणी हात लावत नसे, कारण खरा कागद तो नव्हताच.

त्या आठवड्यात पंप बिघडला होता. फाइलीत चिकलठाण्याच्या ओळीत बुधवार होता. साहेबांनी पेनानं बुध खोडून मंगळ केलं आणि छोटी सही ठोकली. मला दोन्ही आले, फाइल आणि फोटो. फाइलीतला मजकूर मी वर लावला, फोटो खाली लावला. फोटो वाचला नाही. माझे डोळे शाबूत होते, फोटो माझ्यासमोर होता, आणि मी वाचला नाही. एवढी भांडले होते त्या फोटोशी की त्यात काही वाचण्यासारखं असेल असं मनातच आलं नाही. ज्यांना दिसत होतं त्यांनी नेहमीप्रमाणं फोटो बघितला आणि मंगळवारी पाणी भरलं.

मावशी बुधवारी साडेपाचला स्टुलावर जाऊन बसली. आठपर्यंत बसली. मग तिनं मला फोन केला आणि शांतपणे विचारलं की आज काय झालं. मी वेबसाइट उघडली. फोटोतली ती निळ्या शाईची रेघ तेव्हा पहिल्यांदा बघितली. खोटं सांगायचा मोह झाला, पाइपलाइन फुटली म्हणून. पण तिच्याशी मला खोटं बोलता येत नाही, आवाजावरून ओळखते. मी सगळं सांगितलं. रडले, मामाशी मीच बोलते म्हणाले, चूक माझी आहे, तुझी नाही.

"फोननं बरोबर वाचलं गं," ती म्हणाली. "लिहिलं होतं तेच वाचलं."

मी खूप विनवलं. टँकर मागवते, माझ्या घरी ये, यात तुझा काय दोष. ती म्हणाली, दोष कुणाचा हे ठरलंच नव्हतं, हुकलं तर जायचं एवढंच ठरलं होतं. रविवारी मामा जीप घेऊन आला. बिचारा इतका ओशाळला होता की माझ्याकडं बघेना. तिनं डब्यांवरून एकदा हात फिरवला, दाराची चावी माझ्या हातात ठेवली आणि गाडीत बसली.

नंतर मी कचेरीत जे केलं ते आधी करायला हवं होतं. बाबूंसमोर तो फोटो ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा लावून ती निळी रेघ वाचली. मग त्यांनीच उठून साहेबांकडून लिहून आणलं की पेनानं दुरुस्ती बंद. आधी फाइल सुधारायची, तिच्यातूनच कागद काढायचा, शिक्का त्याच्यावर. वेबसाइटवर एकच मजकूर, फोटो नाही. अर्ज नाही, पोच नाही, एका दुपारीत झालं. ते बघून मला बरं वाटायचं सोडून आणखीच संताप आला.

पुढच्या मंगळवारी गावाहून मावशीचा फोन. तिनं वेबसाइट ऐकली होती. ती तिथं बसून दर आठवड्याला ऐकते हे मला तेव्हा कळलं. म्हणाली, उद्या आपल्याकडं सहाला लिहिलंय, खरं येतं का जाऊन बघ. मी बुधवारी सहाच्या आत कुलूप उघडलं आणि तोटी सोडून उभी राहिले. आधी नळातून हवा सुटली, मग धार लागली. घड्याळात सहाला दोन मिनिटं होती. मी फोन लावला आणि तो नळाजवळ धरला.

तिनं थोडा वेळ ऐकलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "बंद कर आता. वरच्या मजल्यावर दाब कमी पडतो."

मी नळ बंद केला.